छापून आलेलं वाचन

लोणखेड्याचे हेमकांत पाटील कॉलेजात मराठी शिकवतात. सुट्ट्या मोडून, डोळे फोडून त्यांनी एक कादंबरी लिहिली, आपल्या आईवर. पण खरी दमछाक झाली ती पुढेच! प्रकाशकानं पुस्तकांचे खोके एसटीनं पाठवले आणि हात झटकले. गाजवा आता तुमची तुम्ही. मग सर निघाले पिशवी घेऊन. विसरवाडीच्या वाचनालयात वाचन, नंदुरबारला चर्चा. सगळीकडे शाल, नारळ, बुके आणि पाहुण्यांची लांबलचक भाषणं. सरांनी पुस्तक उघडलं की सूत्रसंचालक कानाशी लागणार, "सर, जरा आटोपतं घ्या." अरे, मग बोलावलं कशाला?

सर मुकाट्यानं आटोपतं घेत. त्यांचा सगळा जीव पाहुण्यांच्या तारखेपायी लांबलेल्या शहाद्याच्या प्रकाशन समारंभात होता. आई भिकुबाई शाळेची पायरी न चढलेली. कादंबरी तिच्यावर, पण तिला अजून एक ओळसुद्धा ऐकवलेली नव्हती. ती विचारायची, "काय लिखी ऱ्हायना रे भाऊ एवढं?" सर म्हणायचे, "छापी आनं का स्टेजवर वाची दाखाडसू. तू पहिली रांगमा बठ." म्हातारीनं नवं लुगडं काढून ठेवलं होतं. रविवारचा समारंभ सरांना हवा होता तो एवढ्यासाठीच, बाकी कशाचं त्यांना सोयरसुतक नव्हतं.

बातमीची सोय सरांनी गुरुवारीच केली. आमच्याकडे कार्यक्रमाची बातमी कार्यक्रमाआधी लिहून द्यावी लागते, नाहीतर ती येतच नाही. वार्ताहर पवन मोबाइलचं दुकान सांभाळून बातम्या पाठवतो, त्याला कुठली सवड! सरांनी स्वतःच मजकूर केला. 'लेखकाने निवडक भाग वाचून दाखवला, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या मातोश्री भिकुबाई यांच्यासह उपस्थितांचे डोळे पाणावले.' सोबत मायलेकांचा ओट्यावरचा फोटो जोडला.

शनिवारी पहाटे भिकुबाईनं चहा मागितला आणि चहा येईपर्यंत मान टाकली.

सरांनी पाहुण्यांना फोन केले, हॉल रद्द केला. सगळ्यांशी एकाच सुरात बोलले, वर्गात हजेरी घ्यावी तसे. अग्नी दिला, आंघोळ केली, कोपऱ्यात बसले. डोळ्यांतून टिपूस नाही. बायका कुजबुजल्या, "दगड व्हई गया बिचारा." खरंच होतं ते. सरांना काहीच वाटत नव्हतं आणि त्याची लाज वाटायला हवी होती, तीही वाटत नव्हती. गडबडीत एका पवनला तेवढं कळवायचं राहिलं. तो बातमी धाडून सासुरवाडीला लग्नाला गेला होता.

सोमवारी सकाळी द्वारदर्शनाला, म्हणजे दुखवट्याला, माणसं येऊन बसली होती. चुलतभाऊ नवनीत काखेत पेपर घेऊनच आला. "भाऊ, घरमा सुतक नि तू कार्यक्रम कया?" भर बैठकीत विचारलं त्यानं! पेपर या हातातून त्या हातात फिरला. माणसं एकदा फोटो बघत, एकदा सरांकडे. सरांनी वाचलं. त्यांचंच वाक्य होतं, स्वल्पविरामासकट.

पवनला फोन लावला, तर तो गयावया करायला लागला. "पाया पडतो सर. उद्या खुलासा टाकतो, कार्यक्रम झालाच नाही म्हणून."

सरांनी मनाशी हिशेब मांडला. खुलासा आला, की आईला ऐकवायचं राहून गेलं हे गावभर छापून येणार. नाही आला, तर मढ्याच्या घरी शाली पांघरल्या म्हणून बोंब. "टाक," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

भिंतीला टेकून वडील बसले होते, दोधू आप्पा. बायको गेल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. ते म्हणाले, "काय छापेल शे?"

"मी वाची दाखाडं नि माय पहिली रांगमा बठेल व्हती, आसं. खोटं शे आप्पा."

आप्पांनी मान हलवली. "तिले दाखाडनार व्हता. माले कव्हय दाखाडशी?"

सर चपापले. आप्पांना वाचून दाखवावं असं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. येणार कसं? आई मोठी दिसावी म्हणून कादंबरीतला बाप त्यांनी पहिल्याच प्रकरणात तापीच्या पुरात बुडवून मारला होता.

"नंतर आप्पा."

"आतेच."

सरांनी खोक्यातून एक प्रत काढली आणि सुरुवातीपासून वाचायला घेतलं. पूर आला, बाप बैल सोडवायला गेला आणि परत आला नाही. वेशीजवळ प्रेत लागलं. बैठकीतल्या कुणाला वर बघवेना, नवनीतनंही मान खाली घातली. प्रकरण संपलं तसे सर थांबले. बापाच्या तोंडाकडे बघायची त्यांची छाती होईना.

आप्पा भिंतीपासून पुढे सरकले.

"मी मरी गऊ ते बरं जयं," ते म्हणाले. "आते तिनं सांग. पुढे तिनं काय जयं?"

सरांनी पान उलटलं. 'आईनं पदर खोचला,' एवढंच वाचलं. मग ते सगळ्यांदेखत लहान पोरासारखे हमसून हमसून रडले. आप्पा त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून थांबले, पुढचं ऐकायला.