निंबाखालचे अध्यक्ष

आमच्या मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या पोटात अन्नाखेरीज काही म्हणून राहत नसे. लग्न होऊन मी मलकापूरहून पिंपळगाव राजाजवळच्या त्यांच्या खेड्यात आले, तेव्हा उंबरठ्यावरचं माप ओलांडायच्या आतच त्यांनी जमलेल्या बायाबापड्यांना सांगून टाकलं, "सून मॅट्रिक पास हाय. पन गनितात काठावर. मागून कोनी म्हनू नये का लपवलं." मी पदर आणखी पुढे ओढून आत शिरले. सासूबाई कानाशी म्हणाल्या, "मनाले लावून घेऊ नको, बाई. आमच्या लग्नात त्याईनं सोताले खरूज झाली म्हनून भर मांडवात सांगतलं होतं."

घरचा मळा होता. बाजाराच्या दिवशी मामाजी वांगी घेऊन बसत आणि गिऱ्हाइकानं एखादं वांगं उचललं की स्वतःच ओरडत, "ते ठेवा, त्यात कीड हाय." इथवर ठीक होतं. पण तेवढ्यावर न थांबता ते शेजारच्या टोपलीकडे बोट दाखवून म्हणत, "त्याच्या तं समद्याच वांग्यात हाय." मग जी जुंपायची ती सोडवायला सासूबाईंना मळ्यातून धावत यावं लागे. पुढे पुढे त्यांनी विकायचं काम स्वतःकडे घेतलं आणि मामाजींना फक्त बैल सांभाळायला ठेवलं. बैलांशी ते काय बोलत ते बैलच जाणोत. पण त्यांचा एकही बैल बाजारात खपला नाही, कारण त्याच्या सगळ्या खोडी मामाजी आधी सांगत.

अशा माणसाला गावानं शाळा समितीचा अध्यक्ष केलं. महाराष्ट्र नवा होता, जिल्हा परिषदही नवी होती आणि माणसांना अजून फारसा अनुभव नव्हता. तोवर समितीची बैठक हेडमास्तरांच्या खोलीत, दार लोटून, चहाबरोबर होत असे. आत काय ठरलं ते गावाला भिंत उठल्यावर किंवा मास्तर बदलल्यावर कळे. मामाजींनी पहिल्याच बैठकीला खुर्च्या बाहेर काढल्या आणि शाळेसमोरच्या निंबाखाली मांडल्या. त्यातही दिवस निवडला तो बाजाराचा. पाठीवर पोतं घेतलेला माणूससुद्धा थांबून ऐके. हेडमास्तर सज्जन आणि भिडस्त होते. ते म्हणाले, "अध्यक्षसाहेब, काही गोष्टी आत बोलायच्या असतात."

"कोनत्या?"

"म्हणजे... एखादे गुरुजी उशिरा येतात, वगैरे."

"ते तं पोट्ट्याईले आधीच माहीत हाय, गुर्जी! आपनच उरलो."

एकदा पंचायत समितीचे साहेब शाळा तपासायला आले. साहेब आले की अध्यक्षाकडे कोंबडं कापायचं, हा रिवाज होता. मामाजींनी रिवाज मोडला नाही, फक्त तपासणीच्या आधी सगळ्या मुलांसमोर, गावासमोर जाहीर केलं, "साहेब आज माह्या घरी जेवनार हायेत. कोंबडं घरचं हाय, शाळेचं नाही. साहेब, तुमी निवांत खा, आन् शेरा जसा असंल तसाच लिहा." साहेबांनी त्या दिवशी आमच्याकडे पिठलं-भाकरी खाल्ली आणि पोट बिघडल्याचं सांगून रश्शाकडे पाहिलंही नाही. सासूबाई बरेच दिवस हळहळत होत्या. कोंबडं त्यांच्या आवडीचं होतं.

मग नव्या खोलीचं काम निघालं. चौथीनंतर गावातल्या पोरी घरी बसत, कारण पुढच्या वर्गांना जागा नव्हती आणि दुसऱ्या गावी कुणी मुलीला धाडत नसे. मामाजींनी त्या खोलीसाठी किती चकरा मारल्या! अखेर मंजुरी आली आणि काम कुणाला द्यायचं असा प्रश्न निघाला. सासूबाईंचा धाकटा भाऊ तालुक्याला बांधकामं करी. गोड बोलणारा, हसरा माणूस. काम त्याला मिळालं. खोली उभी राहिली, पोरी बसू लागल्या, माझी नणंदही त्यांतच.

वैशाखात एका दुपारी वावधन, म्हणजे वादळी वारं, सुटलं आणि त्या खोलीचे पत्रे पत्त्यांसारखे उडून थेट नाल्यात पडले. सुट्ट्या होत्या म्हणून कुणाला लागलं नाही. जाऊन पाहिलं तर पत्रे लोखंडी आकड्यांनी आवळायचे, तिथं नुसते खिळे ठोकलेले. गावात कुजबुज सुरू झाली. मामाजी जवळ आले की ती थांबायची. आजवर त्यांच्यासमोर कुणी काही लपवलं नव्हतं. त्यांना जेवण जाईना.

पुढच्या बाजारी निंबाखाली गाव जमलं. मामाजी अध्यक्षाच्या खुर्चीत न बसता समोर उभे राहिले. "इचारा," म्हणाले. कुणी बोलेना. माणूस सगळ्यांना प्रिय, शिवाय प्रश्न नात्याचा. मामाजींनी पुन्हा म्हटलं, "इचारा बे! मी काय वाघ हावो?" एवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सासूबाई उठल्या. त्या आयुष्यात कधी सभेत बोलल्या नव्हत्या. पदर सावरून त्यांनी विचारलं, "माह्या भावाले काम काऊन देलं?"

मामाजी गडबडले. "तुह्या धाकानं," ते म्हणाले, आणि सगळा बाजार हसला.

सासूबाई हसल्या नाहीत. "मी कधी म्हटलं होतं?"

"नाही म्हटलं," मामाजी सावकाश म्हणाले. "तू काईच नाही म्हटलं. तो घरचा, म्हनून मीच त्याचं काम पाह्यलं नाही. चुकलं माहं."

"मंग त्याले इथंच बोलवा," सासूबाई म्हणाल्या, "आन् पत्रे नीट बसवून घ्या. पोरी कुठं बसतीन?"

भाऊ आला. त्यानं मान खाली घालून गावासमोर पत्रे पुन्हा चढवले, या वेळी आकड्यांनी. काम संपल्यावर बहिणीच्या घरचं पाणीसुद्धा न पिता तो निघून गेला. मामाजींनी अध्यक्षपद सोडलं. त्यांच्यानंतरच्या अध्यक्षांनी खुर्च्या पुन्हा आत नेल्या, आणि लोक मला विहिरीवर म्हणू लागले, "काऊन वो, तुह्या सासऱ्याले पुन्हा उभं राह्याले सांग ना." ते काही उभे राहिले नाहीत. पोरी मात्र त्या खोलीत सातवीपर्यंत शिकल्या. नणंद पुढे मास्तरीण झाली.

त्या दिवाळीत भाऊबीजेला भाऊ आला नाही. पुढेही कित्येक वर्षं आला नाही. भाऊ नसलेल्या बायका करतात तसं सासूबाई संध्याकाळी ताट घेऊन अंगणात आल्या आणि चंद्राला ओवाळू लागल्या. निरांजनाची ज्योत हलत होती. मामाजी ओट्यावरून उठले, पुढे झाले आणि ज्योतीभोवती दोन्ही हातांचा आडोसा करून उभे राहिले. मी दारात होते. त्यांचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता.

"माह्याच पायी झालं हे."

"हात नीट धरा," सासूबाई म्हणाल्या. "इझून राह्यली."