रोखलेले कॉल

गल्लीतली पोरं तिला कुलूपवाली म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, तेवढी अक्कल आहे त्यांना. खरं तर ती मोबाईल दुरुस्त करते. जिन्याखालच्या इवल्याशा दुकानात उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून सकाळी जी बसते ती जेवायलाच उठते. फुटलेल्या काचा, फुगलेल्या बॅटऱ्या, बादलीत बुडालेले फोन, सगळं तिच्याकडे येतं. पण गेली काही वर्षं आणखी एक काम मागे लागलंय. आईबाप पोरांचे फोन पिशवीत घालून आणतात आणि हळूच म्हणतात, "ताई, ह्याला जरा कुलूप लावून द्या." मग दिवसाला किती तास, कुठली अ‍ॅप्स चालू, कुठली बंद, असं एकेक विचारून ती लावून देते. दुसऱ्या दिवशी तीच पोरं रस्त्यात तिच्याकडे अशी बघतात, की हिने त्यांचं काय घोडं मारलंय कोण जाणे.

ह्या धंद्यात एक रीत आहे. फोन जोडून झाला की गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी त्यावरून एक कॉल लावून बघायचा, आवाज जातोय का, येतोय का. दुसरे कारागीर शेजारच्या दुकानदाराला लावतात. हिने पहिल्या दिवसापासून घरचाच नंबर लावला. घरी तेव्हा सहा वर्षांची लेक असायची, आजीजवळ, आणि जुना बटणांचा फोन तिच्या ताब्यात.

"हॅलो, ऐकू येतंय का?"

"येतंय. पण तू डब्यात बसून बोलतेयस."

की ही लगेच माइकची जाळी पुन्हा साफ करायला घ्यायची. "आता पास," असं लेकीने ठणकावून सांगितल्याशिवाय फोन दुकानाबाहेर जायचा नाही. आणि पास झाल्यावर भलतंच सुरू व्हायचं. मांजरीने काय सांडलं, आजी बसल्या बसल्या कशी घोरली. गिऱ्हाईक आपलं समोर ताटकळत. दिवसाला आठ-दहा फोन व्हायचे, म्हणजे दिवसातून आठ-दहा वेळा लेक कानाशी. दुकान भाड्याच्या जागेत होतं, पण चालायचं त्या आवाजावर, म्हणा ना.

लेक तेराची झाली आणि तोच नंबर तिच्या नव्या फोनात गेला. पंधराची होईपर्यंत तो फोन हाताला चिकटून बसला. जेवताना फोन, दात घासताना फोन, हाक मारली तर तिसऱ्या हाकेला "अं". आईने समजावलं, ओरडून पाहिलं, शेवटी हात टेकले. अशात एका संध्याकाळी, लेक आंघोळीला गेलेली असताना, तिच्या फोनवर एक निरोप झळकला. कुणीतरी अनोळखी माणूस लिहीत होता, तू फार गोड दिसतेस, कुठल्या शाळेत आहेस? लेकीने त्याला आधीच्या दोन निरोपांचंही उत्तर दिलं नव्हतं, हे तिने नंतर पाहिलं. आधी कुलूप लावलं. गिऱ्हाइकांना एकेक विचारून लावणारी ही बाई त्या दिवशी दिसेल त्या चौकटीत खूण करत सुटली. हे बंद, ते बंद, दिवसाला एक तास. जिचा फोन, तिला एका शब्दाने विचारलं नाही.

लेक भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती "ठीक आहे" म्हणाली आणि तिने बोलणंच आवरतं घेतलं. हो. नाही. जेवले. ठेवलाय.

त्यानंतर दुकानातून लावलेला कॉल एक घंटी वाजून तुटायला लागला. आधी तिला वाटलं, शाळेत असेल. मग वाटलं, क्लासमध्ये असेल. आठवडाभराने तिने मनाशी कबूल केलं की पोरगी मुद्दाम फोन कापतेय. आईच्या स्वतःच्या फोनवरून लावला तर उचलायची, "बोल" म्हणायची, पण ते येताना दूध आणू का, एवढ्यापुरतं. सात महिने असे गेले. दुसरी कुणी असती तर तिने तपासायला वेगळा नंबर धरला असता. ही रोज, दुरुस्त झालेल्या प्रत्येक फोनवरून, आधी तिकडेच लावायची. तुटला की मुकाट्याने शेजारच्या शिंप्याला लावायची. लेकीला विचारायचं तरी कोणत्या तोंडाने? आणि तिने खरंच कारण सांगितलं तर? भिंतीपलीकडच्या खोलीत बसलेल्या लेकीचीच तिला आठवण यायची. आता ही गोष्ट सांगणार तरी कुणाला?

परवा दुपारी एक बसड्रायव्हर मुलाचा फोन घेऊन आला. "ताई, तुमचं कुलूप जरा जास्तच घट्ट बसलंय. डेपोतल्या फोनवरून पोराला लावतो तर एक घंटी वाजते आणि तुटतो. मला वाटलं, कार्टं मुद्दाम कापतंय. दोन दिवस बोललो नाही त्याच्याशी."

"अनोळखी नंबर बंद केलेत ना आपण," स्क्रू शोधता शोधता ती म्हणाली. "नाव घालून ठेवलेले नंबर सोडले तर दुसऱ्या कुणाचाच..." आणि तिथेच थांबली.

"काय झालं ताई?"

"काही नाही," ती म्हणाली. त्याचं काम तिने दोन मिनिटांत करून दिलं आणि भर चार वाजता शटर खाली ओढलं.

लेक टेबलाशी गणितं सोडवत होती. आईने फोन मागितला तेव्हा तिने वर न बघता पुढे सरकवला. झडती असणार, तिला सवय झाली होती. आईने फक्त स्वतःलाच ठाऊक असलेले कुलपाचे चार आकडे दाबले. आत 'रोखलेले कॉल' अशी एक यादी होती. ती सरकवत गेली, सरकवत गेली, यादी काही संपेना.

"तू कापत नव्हतीस," ती म्हणाली.

"काय?"

"दुकानातून लावायचे मी. रोज लावत होते. आणि मीच अडवून ठेवले होते गं."

लेकीने फोन हातात घेतला. "हे सगळे तू?"

आईने मान डोलावली.

"मला वाटलं, तू आता दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतेस," लेक म्हणाली. "माझ्यावर रागावलीस म्हणून. विचारणार होते एकदा. मग नाही विचारलं."

आईला हुंदका आला, तो तिने खोकल्यात घातला. लेकीचा अंगठा यादीवरून हळूहळू फिरत होता.

"हा माझ्या सहामाहीच्या दिवशीचा. आणि हा रविवारचा? एकाच नंबरवरून पाच वेळा? रविवारी दुकान बंद असतं ना तुझं?"

"एक घाईचं काम आलं होतं," आई चक्क खोटं बोलली.

तेवढ्यात फोनचा पडदा पांढरा झाला. 'आजची वेळ संपली.' लेकीने नेहमीप्रमाणे फोन पालथा घालून आईकडे सरकवला आणि पेन उचललं. आईने पुन्हा ते चार आकडे दाबले आणि फोन वहीवर, गणिताच्या मधोमध ठेवला.

"बघ ना," ती म्हणाली. "अजून बरेच आहेत."