छावणीतलं जातं

आमच्या गावाला इतिहास आहे, हे गावाला गेल्या वर्षी कळलं. देवणीकडचं एवढंसं गाव. हैदराबाद मुक्तीच्या लढ्यात निजामाच्या बाजूचे भाडोत्री रोहिले ज्या माळावर तळ ठोकून होते, तो माळ वरून आदेश येताच ऐतिहासिक झाला. तोवर तिथं लोक सकाळी डबा घेऊन जात.

लगेच पेव्हर ब्लॉक आले, सेल्फी पॉइंट आला आणि पाटीवरचा मजकूर लिहायला मी आलो. मी निवृत्त मुख्याध्यापक. त्यामुळे मला सगळं येतं, असा गावाचा आणि माझाही समज आहे.

माळावरच्या विहिरीचा गाळ काढताना एक दगडी जातं निघालं. विहीर छावणीची, म्हणजे जातंही छावणीचं, असा मी निकाल देऊन टाकला. बंदुका घेऊन फिरणारे परमुलखातले गडी इथं मांडी घालून ज्वारी दळत होते का, असा प्रश्न मला पडला नाही. काळ्या दगडावर अक्षरं कोरली गेली: ‘रोहिल्यांच्या छावणीतील जाते’. खाली ‘माहिती संकलन’ म्हणून माझं नाव, जात्यापेक्षा ठळक.

उद्घाटनाला कुणीतरी साक्षीदार हवा होता. किल्लारीला दिलेली माझी आत्या नव्वदीला टेकलीय. लहानपणी तिनं तो तळ डोळ्यांनी पाहिलेला. आदल्या दिवशी तिला जीपनं आणलं आणि दिवसभर विचारत बसलो. रोहिल्यांच्या मिशा कशा, घोडे किती, बंदुका कसल्या. ती सांगत गेली, मी वहीत उतरवत गेलो.

दुसऱ्या दिवशी पाहुणे दोन तास उशिरा आले. शौर्यावर भाषणं झाली. आमच्या गावानं रोहिल्यांना सळो की पळो करून सोडलं होतं, हे मलाही तिथंच समजलं. मग आत्याला शाल देऊन फोटोसाठी जात्यापाशी उभं केलं. तिनं वाकून जात्याच्या कडेचा उडालेला टवका चाचपला आणि पाटीवर काय लिहिलंय ते विचारलं. मी वाचून दाखवलं.

“त्यायचं कशाचं रे? हे तिचं हाय.”

“कुणाचं?”

“रोज दोन घरांची बारी असायची. भाकरी भाजून माळावर न्यायच्या. सगळं गाव मुकाट भाजत होतं. हितं माळाच्या कडंला एक विधवा बाई होती. तिची बारी आली तसं तिनं जातंच हिरीत ढकललं. म्हणली, आता दळू कशावर?”

“मग रोहिल्यांनी काय केलं?” मी पेन काढलं.

“ते हसले. तिची बारी आपल्या घरावर आली. मी धा वर्साची. हाताला फोड येईस्तोवर दळलं. माय लई शिव्या द्यायची, पर रोहिल्याला न्हाई, तिला. गावानं तिचं पाणी तोडलं. एक दिवस गेली निघून.”

मला लाज वाटायला हवी होती. पण मुख्याध्यापकाला लाजेआधी राग येतो. तसाच सरपंचांकडे गेलो, सगळं सांगितलं आणि पाटी बदला म्हणालो.

“सर, दगडावर कोरलेलं कुठं बदलता येतंय का? आन् भाकरीचं लिवलं तर गावाची काय इज्जत राहील?”

“मग माझं नाव काढा त्यावरून.”

हे मात्र त्यांना लगेच पटलं. चहा येईपर्यंत गवंड्यानं छिन्नीनं माझं नाव उडवलंसुद्धा. मी ताठ मानेनं आत्याला जीपमध्ये बसवलं आणि घडलेलं सांगितलं. खरं तर शाबासकीची वाट पाहत होतो.

“तुझं नाव निघालं,” ती म्हणाली. “तिचं कवा लागंल?”

“काय नाव होतं तिचं?”

आत्यानं शालीची घडी मांडीवर नीट केली.

“काल दिवसभर घोडे मोजून घेतलेस माझ्याकडून,” ती म्हणाली. “हे आत्ता इचारायलास?”