सासूबाईंना मी खेळात घातलं

चार वर्षं झाली, दर शनिवारी सकाळी मी वरच्या बॉक्स रूममध्ये, म्हणजे अडगळीच्या छोट्या खोलीत, लॅपटॉप घेऊन बसते आणि घरी सांगते, ऑफिसचं काम आहे. ऑफिसचं काहीही नसतं. मी खेळत असते. वय एक्कावन्न.

खेळही असा, की मागे उभं राहून पाहिलं तरी कामच वाटावं. चित्रं नाहीत, आवाज नाही. काळ्या पडद्यावर नुसती इंग्रजी वाक्यं. तुम्ही एका पुलावर उभ्या आहात, उत्तरेला दार आहे, वगैरे. आपण 'उत्तरेला' असं टाइप करायचं, की पुढची खोली वाचायला मिळते. देशोदेशीची माणसं एकाच वेळी त्यात हिंडत असतात. खेळ जुना आहे आणि चालवणारे हौशी आहेत. आपण एखादा नवा भाग लिहून दिला, तर ते तपासून मूळ खेळाला जोडतात. त्याला ॲड-ऑन म्हणतात.

मी इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्स या शहरात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात एवढी वर्षं गेल्यावर वाटलं, आपणही काहीतरी बांधून बघावं. मग एक गाव लिहिलं. गावातला प्रत्येक रस्ता एका राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकावर येतो (आमच्या शहरात जिकडेतिकडे तेच आहेत, त्यामुळे ही कल्पना शोधायला मला लांब जावं लागलं नाही) आणि शेवटी एक घर लागतं. घरातली म्हातारी तुम्हाला डब्यातून लाडू देते. तो डबा परत केला, की पुढचं दार उघडतं.

ॲड-ऑन जोडला गेला आणि पहिल्याच आठवड्यात तक्रारी सुरू. डबा परत दिला, दार उघडत नाही, बग आहे. ग्लासगोच्या एकाने म्हणे अकरा वेळा दिला. मी सगळा कोड वाचून काढला. बग नव्हता. सगळेजण डबा रिकामा परत करत होते! कुणाचा डबा रिकामा द्यायचा नसतो, काही नाही तर चिमूटभर साखर घालायची, हे कुणाला सांगावं लागेल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ऑफिसात दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

काहीतरी सूचना द्यायला हवी होती. ती म्हातारीच्याच तोंडी घालावी म्हणून बसले, तर खालून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, कुकर लावलायस की नुसता मांडून ठेवलायस?"

सासूबाई दर वर्षी भारतातून येऊन सहा महिने आमच्याकडे असतात. त्या क्षणापासून म्हातारी त्यांच्यासारखी बोलायला लागली. 'रिकामा डबा? तुमच्याकडे साखर मिळत नाही वाटतं?' 'घ्या अजून एक लाडू. उरलेत म्हणून म्हणते, लाड करत नाहीये.' लोकांना ती इतकी आवडली, की काही जण दार उघडल्यावरही तिथेच रेंगाळायचे, बोलणी खायला.

इथपर्यंत सगळी गंमतच. पुढचं सांगायला जड जातंय.

बावीस वर्षांत मी सासूबाईंना एकदाही उलट बोलले नव्हते. खेळात मात्र मी उलट बोलायची सोय केली. तुम्ही म्हातारीला तीनदा उलट उत्तर दिलंत, की पडद्यावर येतं: 'म्हातारी आपली पिशवी उचलते आणि निघून जाते. घर मोठं वाटू लागतं.' ते शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं होतं. ते लपवून आता काय करू?

लोकांनी गंमत म्हणून उलट बोलून पाहिलं. म्हातारी गेली. आणि निरोप यायला लागले, ती कुठे गेली, परत कशी आणायची? एकाने लिहिलं, 'दिवसभरात मला जेवलास का असं विचारणारी ती एकटीच होती.' तिला परत आणायची सोय मी केलीच नव्हती. मला ती सुचलीही नव्हती.

सासूबाईंना परत जायला पंधरा दिवस उरले असताना, एका शनिवारी त्या दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून वर आल्या. हातात माझा चहा.

"शनिवारी पण राबवून घेतात होय गं? साहेबाचा नंबर दे, मी बोलते त्याच्याशी."

"आई, हे ऑफिसचं नाहीये," मी म्हटलं. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि मराठी करत करत सगळं वाचून दाखवलं.

डब्याला त्या खळखळून हसल्या. "इंग्रजांना साखर घालायला लावलीस?" टोमण्यांनाही हसल्या. "हे तुला नव्हतं म्हटलं, तुझ्या नणंदेला म्हटलं होतं." उलट उत्तरं सुरू झाली तसं हसणं थांबलं. शेवटचं वाक्य गाळता आलं असतं, त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. पण वाचलं.

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "खरंच मोठं वाटतं का गं, मी गेल्यावर?"

"वाटतं. पहिले चार दिवस."

"आणि मग?"

"मग मी ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवते."

"एवढं तोंडाने सांगायला काय झालं होतं? बावीस वर्षं गिळत बसलीस. खाल्लं असतं का मी तुला?"

"वाटायचं तसं."

"हात वेडे!" त्यांना हसू आवरेना. "आणि ते लोक विचारतायत, तिला परत कसं आणायचं, त्यांना काय सांगणार आहेस?"

"तुम्हीच सांगा."

"त्यात सांगायचं काय? 'या' म्हणायचं. बोलावल्याशिवाय कोण येतं?"

मी तिथल्या तिथे लिहून टाकलं. लाडू सोडला, तर सगळ्या खेळात तो एकच मराठी शब्द आहे. लिहिताना लक्षात आलं, की त्यांचं तिकीट दर वर्षी नवरा काढतो, तारीखही तोच कळवतो. मी त्यांना स्वतःहून कधीच 'या' म्हटलेलं नाही.

"आई, पुढच्या वर्षी पण या," मी म्हटलं. स्क्रीनकडे बघतच म्हटलं. त्यांच्याकडे बघायचं जमलं नाही.

"बघू. व्हिसा दिला तर," त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. "आणि हे बघ, आमटी पातळ झाल्यावर ती जे म्हणते ना, ते फार मवाळ लिहिलंयस. मी असं म्हणत नाही. मी सांगते, घे लिहून."