खोट्या काट्यांची विमानं

आमच्या फ्लाइंग स्कूलमधले दोघं जण कुठंही भेटले, की चहा येण्याआधी काट्यांचा विषय निघतोच. बाकीच्यांकडे कॉलेजचे किस्से असतात, आमच्याकडे बिघडलेल्या मीटरचे. परवा बेलापूरला एका लग्नात साळवे काका भेटले. पंगती उठल्या, मांडव रिकामा झाला, तरी आमचं संपेना.

साळवे काका आमचे मेकॅनिक. मी तिथं पोरांना उडायला शिकवायचे. एका साखर कारखान्याजवळच्या माळावर धावपट्टी होती, दोन जुनी विमानं होती आणि मालक होते. मालकांना सगळे साहेब म्हणायचे. लोक हे किस्से ऐकून हसतात. मला अजूनही रागच येतो.

*

पहिल्या विमानातला पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. टाकी भरली तरी अर्धी, संपत आली तरी अर्धी. म्हणून उडण्याआधी आम्ही टाकीत लाकडी पट्टी बुडवून पेट्रोल बघायचो.

एकदा काही पालक स्कूल बघायला आले होते. साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, लोकांसमोर पट्टी घालत जाऊ नका. विहिरीचं पाणी मोजल्यासारखं दिसतं."

"मग काटा बदला, साहेब."

"अर्धा दाखवतोय ना? रिकामा तर दाखवत नाही."

पालकांच्या चहासाठी मात्र नवे कप आणले होते. प्रत्येकावर विमानाचं चित्र.

*

उंचीच्या मीटरची तऱ्हा निराळी. जमिनीवर असताना आम्ही तो शून्यावर लावायचो, म्हणजे उतरल्यावर परत शून्यच दिसायला हवं. आमचा काटा शून्याच्याही खाली जाऊन बसायचा.

संतोष नावाचा नेवाशाकडचा एक विद्यार्थी होता. पहिल्यांदा उतरल्यावर त्यानं काटा बघितला, खिडकीतून बाहेर बघितलं आणि मला हळूच विचारलं, "म्याडम, आपन हिरीत हाय का?"

मी त्याला तसाच साहेबांकडे घेऊन गेले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उंची डोळ्यांना दिसतेच की. काट्याकडं कशाला बघायचं?"

बाहेर आल्यावर संतोष म्हणाला, "मग बसवलाय कशाला?"

*

शेवटी फार मागे लागल्यावर साहेबांनी उंचीचा नवा मीटर आणला. एकच. विमानं दोन. जे विमान उडणार त्यात तो बसवायचा, उतरलं की काढून दुसऱ्यात घालायचा, असा हुकूम निघाला.

साळवे काका शांत माणूस. पण त्या दिवशी पान्हा टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, म्हातारा-म्हातारीत एक चष्मा चालतो. दोघांनाही एकदम वाचायचं असलं तर काय करायचं?"

"दोघांना एकदम वाचायला बसवू नका."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन्ही विमानांची वेळ एकच होती. अक्षर साहेबांचं.

*

पण खरा संताप आला तो पाचटाच्या धुराच्या दिवशी. विमान सरळ आहे की कललंय, हे दाखवणारा एक मीटर असतो. बाहेर धुकं-धूर असला की त्याचाच आधार. आमचा मीटर विमान सरळ असतानाही ते डावीकडं कललेलं दाखवायचा. कुणी फसू नये म्हणून साळवे काकांनी त्यावर काळी टेप लावली होती. साहेबांनी ती काढायला लावली, कारण जाहिरातीच्या फोटोत टेप दिसत होती.

टेप निघाली आणि संतोष एकटा उडायला गेला. तेवढ्यात खालच्या उसाच्या रानात कुणीतरी पाचट पेटवलं. बघता बघता धूर वर चढला आणि संतोष त्यात शिरला. मी धावपट्टीच्या कडेला उभी राहून नुसता आवाज ऐकत होते. आवाज लांब गेला, मग येईनासाच झाला. साळवे काका टोपी काढून उभे होते. ओठ हलत होते, प्रार्थना करत असावेत.

बऱ्याच वेळानं विमान भलत्याच बाजूनं आलं. संतोष उतरला तेव्हा त्याचा शर्ट घामानं पिळण्याइतका भिजला होता.

"मी सरळच चाल्लो हुतो, म्याडम. पार कालव्याच्या पल्याड निगालो. मीटर म्हनत हुता डावीकडं कललंय, म्हनून मी उजवीकडं घेत गेलो."

मी साहेबांच्या केबिनचं दार न वाजवता आत गेले. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. साहेबांनी शांतपणे विचारलं, "परत आला ना? मग तक्रार कसली?"

*

साहेब स्वतः कधी विमानात बसायचे नाहीत. बसले ते एकदाच. घोडेगावकडं त्यांनी जमीन घेतली होती, ती त्यांना वरून बघायची होती. साळवे काकांनी आदल्या आठवड्यात सांगितलं होतं की वेगाच्या मीटरची रबरी नळी कुजलीये. साहेब म्हणाले होते, पुढच्या महिन्यात बघू.

विमान मीच चालवत होते. जाताना काटा ठीक होता. घोडेगावच्या गुरांच्या बाजारावर आलो, खाली म्हशी मुंग्यांएवढ्या दिसत होत्या. आणि मीटरच्या मागं काहीतरी फट्‌कन वाजलं. वेगाचा काटा घसरत घसरत शून्यावर गेला.

साहेबांचा आवाजच बदलला. "मॅडम, शून्य झालंय. आपण थांबलो का काय?"

"थांबलो असतो तर विचारायला वेळ मिळाला नसता."

शिकवायच्या विमानात दांडा दोघांपुढंही असतो. त्यांनी आपल्या समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून पुढं ढकलला. विमानाचं नाक खाली गेलं, म्हशी मोठ्या दिसायला लागल्या. मी ओरडले, "हात काढा." त्यांना ऐकूच जाईना. शेवटी मी त्यांच्या मनगटावर जोरात फटका मारला, तेव्हा हात सुटले. मी नाक वर घेतलं, रुमाल काढून मीटरवर खोचला आणि इंजिनाच्या आवाजावर, क्षितिजाकडे बघत परत फिरले. साहेब सगळा वेळ डोळे मिटून होते. जमीन बघायची राहिलीच.

विमान जरा जोरातच टेकलं, पण टेकलं. साहेब तडक जीपकडं गेले आणि ड्रायव्हरशेजारी बसले. भाऊसाहेब त्यांचा जुना ड्रायव्हर. त्यानं जीप चालू केली. साहेबांनी वाकून समोर बघितलं.

"भाऊसाहेब, हा वेगाचा काटा बरोबर हाय का?"

"न्हाई साहेब. त्यो तर मी लागलो तवापासनंच बंद हाय."

साहेब खाली उतरले आणि माळावरून चालत घराकडं निघाले.