दाजींनी उघडलेला अल्टरनेटर

बिघडलेली वस्तू पाहून ज्याचा चेहरा खुलतो असा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आमचे दाजी बुऱ्हाणपुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, पण त्यांचा जीव कधी नद्या-डोंगरांत रमला नाही. तो रमला स्क्रूत. पाहुण्यांच्या घरी चहा घेता घेता ते पंख्याकडे असे बघतात, की यजमानांना उगीच धास्ती वाटते. त्यांनी दुरुस्त केलेला आमच्या ताईचा मिक्सर चालतो, पण एका हाताने झाकण आणि दुसऱ्या हाताने ओटा धरावा लागतो. शेजाऱ्यांच्या दाराची बेल त्यांनी दुरुस्त केल्यापासून ती कुणी न दाबताही वाजते, आणि शेजारी बिचारे सवयीने दार उघडून "या, या" म्हणतात. एवढं होऊनही दाजी कुठल्याही मिस्त्रीकडे जायला तयार नसतात. "मिस्त्री दुरुस्त करून देतो, पण बिघाड काय होता ते सांगत नाही," असं त्यांचं म्हणणं. त्यांना दुरुस्तीपेक्षा बिघाडच जास्त प्रिय.

दाजींची एक जुनी, मरून रंगाची छोटी मोटार आहे. राजपुऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत ती इतकी वर्षं एकाच भिंतीला लागून उभी राहते, की भिंतीवर तिच्या आकाराची सावलीच उमटली आहे. त्या उन्हाळ्यात माझी भाची मनू, दाजींची एकुलती एक मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दाजींनी जाहीर केलं होतं की मनूला दवाखान्यात नेईल तर आपलीच गाडी. आणि नेमका त्याच आठवड्यात गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला.

दाजींचा नियम असा, की समोर दिसतं ते कारण कधीच खरं नसतं. म्हणून त्यांनी सगळ्यात आधी त्या दिव्यावरच संशय घेतला. "दिवाच खोटं बोलतोय," म्हणत त्यांनी डॅशबोर्ड उघडून त्याचा बल्ब काढून टाकला. दिवा विझला आणि दाजी समाधानाने जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी गाडी चालू होईना. मग त्यांनी हेडलाइटचे बल्ब बदलले, रेडिओची वायर तोडली, बॅटरी चार्ज करून आणली. गाडी एक दिवस छान चालली आणि पुन्हा गप्प झाली. सिंधीपुऱ्यातला ओळखीचा मिस्त्री फोनवर म्हणाला, "सर, ले आओ ना, देख लेते हैं." दाजींनी फोन असा ठेवला, जणू त्याने मनूलाच मागणी घातली होती.

शेवटी विजेचा दाब मोजायचा मल्टीमीटर आला. दाजींनी बोनेट उघडलं, मीटरच्या लाल-काळ्या तारा बॅटरीला टेकवल्या आणि मला हाक मारली. गाडी बंद असताना आकडा बारा व्होल्टवर होता. "आता चालू कर. अल्टरनेटर नीट वीज बनवत असेल तर आकडा चौदाकडे जाईल." गल्लीतल्या पोरांकडून धक्का मारून घेत मी गाडी चालू केली आणि दाजींनी तारा पुन्हा टेकवल्या. आकडा चौदाकडे न जाता हळूहळू खालीच उतरू लागला. दाजींचा चेहरा उजळला. "बघ! बॅटरी नुसती खर्च करतेय. घरातला कमावणारा बसून राहिलाय!"

दारातल्या ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या ताईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? मी अल्टरनेटरचं बोलतोय."

"मी कुठे काय म्हटलं?" ताई म्हणाली. "पण पोरीचे दिवस भरत आले आणि तुम्ही गाडी उघडून बसता का?"

"अजून वेळ आहे. डॉक्टरांनी तारीख दिलीय."

"तारीख तुम्हाला माहीत आहे. बाळाला माहीत आहे का?"

पण दाजी तोवर बॅटरीची तार सोडवून, पट्टा सैल करून गाडीत अर्धे शिरले होते. अल्टरनेटर बाहेर आला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी असा धरला होता, की गल्लीतली एक म्हातारी लांबून "मुलगा की मुलगी?" असं विचारून गेली. ओसरीत वर्तमानपत्रावर त्याचे भाग मांडले गेले. मनू पाय लांब करून बाजूच्या खुर्चीत बसली होती आणि दाजी तिला एकेक भाग समजावून सांगत होते. पाठीमागच्या झाकणाखाली कार्बनचे दोन छोटे तुकडे निघाले. ते झिजून नखाएवढे उरले होते. "हे आतल्या कड्यांना टेकले पाहिजेत, तर वीज तयार होणार. हे तर टेकतच नाहीत!" दाजींच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी खरा बिघाड पकडला होता. नवे कार्बन संध्याकाळी मिळणार होते. तोवर भाग इकडेतिकडे व्हायला नकोत म्हणून त्यांनी जुन्याच कार्बनसकट अल्टरनेटर जागेवर बसवला, पट्टा ताणला आणि पुन्हा चार्ज करून आणलेली बॅटरी जोडून ठेवली.

आम्ही जेवून उठतो न उठतो तोच मनूने दाराची चौकट धरली. "मम्मी, मला काहीतरी होतंय."

ॲम्ब्युलन्सला फोन केला तर ती खेड्याकडे गेलेली. मी नाक्यावर पळालो. दुपारच्या त्या उन्हात रिक्षा औषधालाही नव्हती. परत आलो तर दाजी गाडीत बसले होते. चेहरा पांढराफटक. "नुसत्या बॅटरीवर दवाखान्यापर्यंत जाईल," ते म्हणाले. "पण एसी नाही, पंखा नाही, हॉर्न नाही. काहीच लावायचं नाही. आणि मध्ये बंद पडली तर परत चालू व्हायची नाही."

बुऱ्हाणपुरात हॉर्नशिवाय गाडी चालवणं म्हणजे मुक्याने लिलाव पुकारण्यासारखं आहे. दाजी खिडकीतून डोकं काढून ओरडू लागले, "हटो भाई, हॉर्न नहीं है! हटो!" लोक हटायचं सोडून हॉर्न नसलेली गाडी बघायला पुढे येत. मागच्या सीटवर ताईने एका हाताने मनूला धरलं आणि दुसऱ्या हाताने दवाखान्याच्या पिशवीतला स्टीलचा डबा काढून दारावर बडवायला सुरुवात केली. एका बाईने आम्हाला भांडीवाले समजून थांबा म्हणून हात केला. वेशीपाशी केळ्यांनी लादलेला टेम्पो आडवा घुसून मागे-पुढे करत होता. गाडीचं इंजिन अडखळायला लागलं. दाजी ॲक्सिलरेटर दाबून बसले.

"मनू, बोलत राहा बेटा," ते मागे न बघता म्हणाले.

"पप्पा," मनू दात आवळून म्हणाली, "तुमची गाडी बंद पडायच्या आधी माझं बाळ चालू होईल!"

आणि ती हसली. त्या कळेतही हसली. ताई हसता हसता रडायला लागली. टेम्पोवाल्याने डबा वाजवणाऱ्या माझ्या बहिणीकडे एकदा पाहिलं आणि टेम्पो थेट एका दुकानाच्या पायरीवर चढवला.

दवाखान्याच्या दारात गाडीने शेवटचा आचका दिला आणि ती गप्प झाली. पण दाजींनी त्या दिवशी बोनेटला हातही लावला नाही. ते मनूच्या स्ट्रेचरमागून चालत गेले, गाडीचं दार उघडंच टाकून.

संध्याकाळी मुलगी झाली. तिचं रडणं बाहेर ऐकू आलं तेव्हा दाजी भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "चार्जिंग बरोबर आहे."

नवे कार्बन बसले त्या दिवशी मीटरवर आकडा चौदावर जाऊन थांबला. दाजींनी नातीचा आणि मीटरचा असे दोन्ही फोटो सगळ्या नातेवाइकांना एकदमच पाठवले, आणि निंबोल्याच्या काकूंनी घाबरून फोन केला की बाळाचं वजन चौदा किलो कसं?

मग बारसं झालं, आणि एके सकाळी जावई मनूला न्यायला आले. त्यांनी नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. सामान ठेवून होईपर्यंत दाजींनी तिचं बोनेट उघडलं होतंच. आत एक गुळगुळीत काळं झाकण होतं. त्यांनी इकडून तिकडून वाकून पाहिलं.

"अल्टरनेटर कुठे असतो हिचा?"

"नसतोच, पप्पा. हिला लागत नाही," जावई म्हणाले.

"छान," दाजी म्हणाले. "छान आहे." त्यांनी बोनेट हलक्या हाताने बंद केलं, धोतराच्या सोग्याने त्यावरची बोटांची खूण पुसली आणि मागच्या काचेतून नातीला पाहिलं. ती झोपली होती. मनूने हात हलवला. गाडी निघाली, आणि गल्लीच्या वळणाआड गेली.

दाजी रस्त्याकडे तोंड करून उभेच राहिले. मला म्हणाले, "आपली गाडी निघाली की पार नाक्यापर्यंत ऐकू येते रे. तेवढी सोबत होते. हिचं तर काही कळलंच नाही. गेली का?"

"गेली, दाजी," मी म्हणालो.

"पोचेल नीट," ते म्हणाले, आणि तरीही बराच वेळ कान देऊन उभे राहिले.