रुळांपलीकडची मुलं

काटोलच्या अलीकडे, रेल्वे लाईनीला लागून असलेल्या एका गावात मी शिक्षिका आहे. नागपुरातून रोज पॅसेंजरने जाते. काही वर्षांपूर्वी तिथली तरुण माणसं कामासाठी शहराकडे निघून गेली होती आणि त्यांच्या मागे त्यांची मुलंही. चारही वर्ग एका खोलीत मावायचे. मुलं वाढली नाहीत तर शाळा बंद करून शेजारच्या गावच्या शाळेला जोडू, असं शिक्षण खात्याच्या साहेबांनी सांगून टाकलं होतं.

त्याच हिवाळ्यात तिसऱ्या लाईनीचं काम आमच्यापर्यंत पोचलं. रुळांपलीकडे ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहिल्या. छत्तीसगडकडची माणसं होती. आईबाप गिट्टीच्या कामावर, मुलं दिवसभर मातीच्या ढिगांवर. फलाटावरून ती मला रोज दिसायची. एका सकाळी मी शाळेत न जाता आधी तिकडे गेले.

पहिल्याच झोपडीतल्या बाईने मुलांना शाळेत पाठवा हे माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि आपल्या मुलीकडे पाहिलं. मुलीच्या कडेवर तिचा लहान भाऊ होता.

"ये स्कूल जाएगी तो इसको कौन देखेगा, मॅडम?"

मी तशीच गावात परतले आणि अंगणवाडीच्या सेविकेला विचारलं. ती डाळ निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, "लहान्यालेही घेऊन या न. माह्याजवळ बसन तो."

दुसऱ्या दिवसापासून बहीण शाळेत आणि भाऊ अंगणवाडीत. मग बाकीच्या झोपड्यांतली मुलंही निघाली. त्यांना एकटं रूळ ओलांडू द्यायचं नव्हतं, म्हणून रोज सकाळी मी फाटकापाशी उभी राहायचे आणि सगळ्यांना सोबत आणायचे.

सरपंच एकदा तिथेच भेटले. "मॅडम, काहून एवढा जीव काढून राहिल्या? लाईन झाली का हे लोक चालले जातीन."

"जातील तेव्हा जातील. तोवर वाचायला तर शिकतील," मी म्हटलं.

मुलं मराठी शिकली, पण माझ्याकडून कमी आणि गावच्या पोरांकडून जास्त. साहेब शाळा पाहायला आले तेव्हा पहिल्या झोपडीतली ती मुलगी हात वर करून ओरडली, "मले येते, मले!" साहेबांना हसू आवरेना. त्या वर्षी शाळा वाचली.

सरपंचांचं म्हणणं मात्र खरं ठरलं. काम पुढे सरकलं तशा झोपड्या उठल्या. एका सोमवारी वर्ग अर्धा रिकामा होता. त्या दिवशी मला धड शिकवता आलं नाही. मंगळवारी उरलेल्यांना घेऊन पुन्हा पाढे सुरू केले.

ती मुलगी गेली नव्हती. स्टेशनाला मालधक्का झाला, तिथे तिच्या बापाला हमाली मिळाली. आईने स्टेशनरोडवर पोह्यांची गाडी लावली. मग संत्री भरणाऱ्यांची गोदामं आली, जास्त गाड्या थांबू लागल्या आणि नागपूरला गेलेली दोन-तीन घरं परत आली. सरपंचांनी स्वतः भाड्याच्या खोल्या बांधल्या. आता त्या खोल्यांतली मुलं ते स्वतः शाळेत आणून सोडतात.

यंदा शाळेची दुसरी खोली बांधून होते आहे. घरचे म्हणतात, शहरात बदली माग. मी नाही म्हटलं. पहिलीच्या मुलांना बसायला बाकं नाहीत. उद्या साहेबांकडे जायचं आहे, आणि बाकं घेतल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.